आत्मिक अनुभव खोल असतो, मग बदल का टिकत नाही?

८ फेब्रुवारी २०२३, बुधवार. अमेरिकेतील केंटकी राज्यात विल्मोर नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या अ‍ॅझ्बरी विद्यापीठाच्या सभागृहात नेहमीसारखी सकाळची उपासना झाली. आशीर्वाद झाला, विद्यार्थी वर्गांकडे निघाले, पण काही जण बसूनच राहिले. प्रार्थना करत राहिले, गात राहिले, एकमेकांजवळ पापे कबूल करू लागले. गेलेले परत आले. पाहता पाहता ती उपासना सुमारे दोन आठवडे चालली, आणि जेमतेम सहा हजार वस्तीच्या त्या गावात हजारोंच्या संख्येने लोक लोटले. जगभर बातम्या झाल्या.

तेव्हा दोन प्रश्न विचारले गेले. पहिला, हे खरेच देवाचे काम आहे का? त्यावर खूप वाद झाला. दुसरा प्रश्न कमी लोकांनी विचारला, पण माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे: हे सगळे लोक घरी परतल्यावर पुढे काय?

हा प्रश्न प्रत्येक मंडळीत आहे. कोणी संजीवन सभेत ढसाढसा रडतो. कोणाला रिट्रीटमध्ये, देव आपल्यावर प्रेम करतो हे पहिल्यांदाच मनापासून पटते. कोणी उपवास-प्रार्थनेनंतर मोठ्या आनंदाने साक्ष देतो. काही महिने जातात. तोच संताप, तीच लपवलेली सवय, भावाशी तोच अबोला. मग माणूस दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. ‘तो अनुभवच खोटा होता’ किंवा ‘मी थंड पडलो, आता पुन्हा एखाद्या मोठ्या सभेला गेले पाहिजे’. पहिल्या निष्कर्षाने विश्वास खचतो. दुसऱ्याने माणूस एका सभेतून दुसऱ्या सभेत फिरत राहतो. दोन्ही बहुतेक वेळा चुकीचे असतात.

आधी दोन शब्द

‘आत्मिक अनुभव’ म्हणजे देवाच्या सान्निध्याची अशी तीव्र जाणीव, जी माणसाने स्वतः ठरवून आणलेली नसते. ती अश्रूंत येते, शांतीत येते, पापाच्या बोचणीत येते, कधी वचनातली एखादी ओळ अचानक आपल्यासाठीच लिहिल्यासारखी वाटते त्यातही येते.

‘पवित्रीकरण’ म्हणजे विश्वास ठेवलेल्या माणसाचा स्वभाव, सवयी आणि नाती हळूहळू ख्रिस्तासारखी होत जाणे. हे आयुष्यभर चालते.

आपला घोटाळा इथेच होतो. पहिली गोष्ट घडली की दुसरी आपोआप घडेल, असे आपण धरून चालतो.

पर्वत थरथरला, लोक तसेच राहिले

पवित्र शास्त्र या बाबतीत फार स्पष्ट आहे. सीनाय पर्वतापाशी इस्राएल लोकांनी मेघगर्जना ऐकल्या, विजा पाहिल्या, पर्वत धुराने भरलेला पाहिला. एवढा मोठा सामुदायिक अनुभव जुन्या करारात क्वचितच सापडेल. देव सांगेल ते सर्व आम्ही करू, असे त्यांनी एकमुखाने म्हटले. नंतर मोशे चाळीस दिवस पर्वतावर राहिला, आणि तो खाली येण्याआधीच त्यांनी सोन्याचे वासरू ओतून त्याची पूजा सुरू केली होती. त्यांनी पाहिलेले खोटे नव्हते. चाळीस दिवसांत ते पुसलेही गेले नसणार. तरी वासरू उभे राहिले.

एलीया संदेष्ट्याचे उदाहरण तर एकाच माणसाचे आहे. कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला. लगेच पुढच्या अध्यायात तो रानातल्या एका झुडपाखाली बसून मरण मागताना दिसतो. देवाने तिथे त्याला दुसरा अग्नी दाखवला नाही. आधी झोपू दिले, खायला दिले, लांबच्या वाटेने होरेबपर्यंत आणले, मंद वाणीने त्याच्याशी बोलला आणि कामे सांगितली: हजाएल, येहू व अलीशा या तिघांचा अभिषेक कर. तू एकटा नाहीस, आणखी सात हजार आहेत, हेही सांगितले. विसावा, नेमकी कामे आणि सोबत. खचलेल्या संदेष्ट्याला देवाने दिले ते हे.

रूपांतराच्या डोंगरावर, जिथे येशूचे रूप शिष्यांसमोर तेजस्वी झाले, तिथे पेत्राला तीन मंडप उभारावेसे वाटले, म्हणजे तिथेच थांबावेसे वाटले. येशूने पेत्राला व त्याच्या सोबत्यांना खाली आणले. खाली एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन उभा होता.

पाऊस आणि पेरणी

येशूने स्वतः या प्रश्नाचे उत्तर शेताच्या दाखल्यातून दिले आहे. पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवर पडलेले बी लगेच उगवते. ते म्हणजे वचन आनंदाने स्वीकारणारे लोक, असे तो सांगतो. त्यांचा आनंद खरा असतो. मूळ मात्र नसते, म्हणून ऊन तापले की रोप सुकते.

हेच चित्र थोडे पुढे नेऊन पाहू. जोराचा पाऊस झाला म्हणजे पीक आले असे कोणी शेतकरी म्हणत नाही. पावसाने जमीन मऊ होते आणि काही दिवस तिला वाफसा असतो, म्हणजे ओल अशी असते की बी टाकले तर रुजते. चिखलातच पेरले तर बी कुजते. फार उशीर केला तर जमीन पुन्हा घट्ट होते. पाऊस देणे शेतकऱ्याच्या हातात नाही, बी उगवणेही नाही. वाफसा असताना पेरणे मात्र त्याच्याकडेच आहे.

खोल आत्मिक अनुभव असाच असतो. त्याने मन मऊ होते. एरवी जी गोष्ट कबूल करायला जीभ रेटत नाही, ती कबूल करता येते. ज्याचे तोंड पाहायचे नाही असे ठरवले होते, त्याच्याबद्दल कळवळा वाटतो. हे दिवस थोडे असतात. त्या दिवसांत काय पेरले, यावर पुढच्या वर्षाचे बरेच काही ठरते. आपण बहुधा ते दिवस अनुभवाबद्दल बोलण्यातच घालवतो.

माणसाची घडण कशी असते

हे फक्त धर्मशास्त्रच सांगते असे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच एक सूक्ष्म धोका दाखवला होता. उदात्त भावना पुन्हा पुन्हा अनुभवायची आणि तिच्यामागे काहीच कृती करायची नाही, तर मनाला त्याचीच सवय लागते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून संगीत ऐकून मन भरून आले तरी नंतर लहानसे का होईना, काहीतरी चांगले प्रत्यक्ष करावे, असा त्यांचा सल्ला होता. हे वाचून मला नेहमी सभांची आठवण होते. रडून मोकळे होणे आणि तसेच घरी जाणे, हे वर्षानुवर्षे केले तर निरुपद्रवी राहत नाही. त्यातून न बदलण्याचा सराव होतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेला सवयींचा अभ्यास २०१० मध्ये छापला गेला. रोजची एक साधी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींना २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली, असेही दिसले नाही. अभ्यासातल्या कृती खाणे, पिणे, व्यायाम अशा साध्या होत्या. प्रार्थना किंवा क्षमा यांना हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी एक गोष्ट कळते: शनिवारी रात्री मन हेलावले आणि पुढच्या शनिवारी स्वभाव पालटला, असे माणसाच्या घडणीत सहसा होत नाही. तसे झाले नाही म्हणून देवाने आपल्याला सोडले, असेही समजू नये.

जक्कयाने आकडा सांगितला

वाफसा असताना पेरायचे म्हणजे काय करायचे? लोकांना फसवून श्रीमंत झालेल्या जकातदार जक्कयाकडे पाहावे. येशू त्याच्या घरी आला, हाच त्याच्या आयुष्यातला मोठा अनुभव. ‘आता मी चांगला माणूस होणार’ असे तो म्हणाला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो, असे तो म्हणाला. त्याच्या शब्दांत आकडे आहेत, माणसे आहेत, हिशेब आहे. जिथे पाप केले होते तिथेच, म्हणजे पैशांच्या व्यवहारातच, त्याने पेरणी केली.

आपले निर्णय याच्या उलट असतात. ‘मी प्रभूसाठी जगेन.’ ‘यापुढे जास्त प्रार्थना करेन.’ हे मनापासून म्हटलेले असते, पण उद्या सकाळी नेमके काय करायचे ते त्यात नसते. त्याऐवजी असे म्हणता येते: या आठवड्यात बहिणीला फोन करून त्या वाटणीबद्दल माफी मागेन. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवेन. उठल्यावर आधी एक स्तोत्र वाचेन, मग बाकीचे. हे लहान वाटते, पण ते केले की नाही हे आपल्यालाही कळते आणि दुसऱ्यालाही.

अठराव्या शतकात अमेरिकेतील नॉर्दॅम्प्टन गावात जोनाथन एडवर्ड्स हे पाळक होते. १७३४-३५ मध्ये तिथे मोठी जागृती झाली होती. काही वर्षांनी ती ओसरली, तेव्हा भावनेच्या लाटेवर किती विसंबायचे हे त्यांनी जवळून पाहिले. पुन्हा जागृती आली, तेव्हा मार्च १७४२ मध्ये त्यांनी मंडळीकडून एक लेखी करार करून घेतला. शेजाऱ्याशी व्यवहारात प्रामाणिक राहू, कोणाला लुबाडणार नाही, ज्याचे नुकसान केले असेल त्याची भरपाई करू, अशी कलमे त्यात होती. जागृतीचा परिणाम त्यांना बाजारात आणि शेजारात दिसायला हवा होता. १७४६ मध्ये त्यांनी खऱ्या धार्मिक भावनांच्या खुणांवर ग्रंथ लिहिला. भावना फार तीव्र होती, शरीर थरथरले, माणूस देवाबद्दल भरभरून बोलू लागला, यांतून अनुभव खरा की खोटा हे कळत नाही, असे त्यांनी त्यात आधीच सांगून टाकले. खऱ्या भावनेच्या बारा खुणा त्यांनी दिल्या. शेवटच्या खुणेवर, म्हणजे प्रत्यक्ष आचरणावर, त्यांनी सर्वांत जास्त भर दिला.

लिहून ठेवण्याचाही मोठा उपयोग होतो. फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कल यांना २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे दोन तास देवाचा विलक्षण अनुभव आला. त्यांनी तो थोडक्यात लिहिला, कागद अंगरख्याच्या अस्तरात शिवला आणि त्याबद्दल कोणाजवळ बोलले नाहीत. १६६२ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर तो सापडला. मला यापेक्षाही महत्त्वाचे वाटते ते त्यांच्या शेवटच्या महिन्यांतले. पास्कल यांनी एका गरीब कुटुंबाला आपल्या घरात आसरा दिला होता. त्या घरातल्या मुलाला देवी आल्या. पास्कल स्वतः फार आजारी होते, सेवा-शुश्रूषेसाठी बहिणीचे येणेजाणे होते, आणि तिच्या मुलांना संसर्ग होण्याची भीती होती. आजारी मुलाला हलवणे त्यांना बरे वाटले नाही. त्यांनी स्वतःच घर सोडले आणि बहिणीकडे गेले. तिथेच त्यांचा अंत झाला. त्या रात्रीनंतर जवळजवळ आठ वर्षांनी ही गोष्ट घडली.

एकट्याने का जमत नाही

दिमिष्काच्या वाटेवर पौलाला स्वतः ख्रिस्ताने दर्शन दिले. यापेक्षा थेट अनुभव कोणता असणार? तरी ख्रिस्ताने त्याला सगळे तिथेच सांगितले नाही. उठून नगरात जा, तिथे तुला सांगतील, एवढेच म्हटले. मग तीन दिवस अंधत्व, आणि हनन्या नावाचा एक साधा शिष्य, जो यायलाच घाबरत होता. त्याने ‘भाऊ’ म्हणून हाक मारली, हात ठेवला, बाप्तिस्मा दिला. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर अग्नीच्या जिभांसारखा पवित्र आत्मा उतरला तेव्हाही, तेच झाले. तीन हजार लोकांनी विश्वास ठेवला आणि प्रेषितांची कृत्ये सांगतात की ते प्रेषितांच्या शिक्षणात, सहभागितेत, भाकर मोडण्यात व प्रार्थनेत टिकून राहिले. अग्नीच्या जिभांनंतर लगेच रोजचा क्रम आला.

हे सगळ्यांत चांगले ओळखले ते अठराव्या शतकातले इंग्रज धर्मप्रचारक, मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या मेथडिस्ट मंडळीवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे एकाने सुचवले. गोळा कोण करणार? साधारण बारा जणांमागे एक जण नेमला गेला. तो घरोघर जाऊ लागला तेव्हा पैशांबरोबर माणसांचे खरे हालही समजू लागले. कोण पुन्हा पिऊ लागला, कोणाच्या घरात भांडण आहे, कोण आजारी आहे. वेस्लींना दिसले की आपल्याला नेमके हेच हवे होते. मग घरोघर जाण्याऐवजी तो गट आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला. तुझ्या आत्म्याची स्थिती कशी आहे, हा प्रश्न दर आठवड्याला प्रत्येकाला. मोकळ्या मैदानातल्या प्रवचनांनी हजारो हेलावले असतील, पण ते टिकले ते या बारा-बारा जणांच्या गटांमुळे.

म्हणून अनुभवानंतरची पहिली पेरणी माझ्या मते ही असावी: मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला, शक्य तितक्या लवकर, नेमके काय झाले आणि आपण काय करायचे ठरवले ते सांगावे. पुढचे काही महिने दर आठवड्याला त्याबद्दल विचारायला त्याला सांगावे. चारशे लोकांसमोर साक्ष देण्यापेक्षा हे कठीण असते, कारण तो एक माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारतो. मोठ्या साक्षीची घाईही नको. तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलले जाण्याचा उल्लेख पौलाने चौदा वर्षांनी केला, तोही संकोचाने, आणि लगेच आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल बोलला.

‘पण बदल तर देवच घडवतो, आपण कोण?’

हा आक्षेप प्रामाणिक आहे. कृपेने मिळालेले कष्टाने टिकवायचे, म्हणजे पुन्हा नियमशास्त्राखाली जाणे नाही का? फिलिप्पैकरांस लिहिताना पौल दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगतो: आपले तारण साधून घ्या, कारण इच्छा करणे व कृती करणे हे तुमच्या ठायी देवच घडवून आणतो. त्याच्या मते देव काम करतो आहे, म्हणूनच आपण कामाला लागायचे. पेरणाऱ्याने पाऊस कमावलेला नसतो. पण पाऊस कृपेने मिळाला म्हणून पेरायचे नाही, असेही कोणी म्हणत नाही.

‘भावना ओसरली, म्हणजे सगळे संपले ना?’

२४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका लहान सभेत जॉन वेस्लींना आपले हृदय विलक्षण ऊबदार झाल्याचे जाणवले. मेथडिस्ट लोक तो दिवस आजही स्मरतात. त्यानंतर वर्षही झाले नव्हते, जानेवारी १७३९ मध्ये त्यांनीच रोजनिशीत लिहिले की मी ख्रिस्ती नाही. देवावर आणि माणसांवर प्रेम असायला हवे, तसे ते आपल्यात दिसत नाही, म्हणून. त्याच वर्षी ते उघड्या मैदानात प्रचार करू लागले आणि पुढे पन्नासहून अधिक वर्षे करत राहिले.

मदर तेरेसांची गोष्ट याहूनही खोल आहे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना, आगगाडीत, गरिबांतल्या गरिबांची सेवा करण्याचे पाचारण त्यांना स्पष्ट झाले. पुढच्या महिन्यांत ख्रिस्त आपल्याशी बोलतो आहे याची त्यांना तीव्र जाणीव होती. त्यांच्या आर्चबिशपांनी घाई केली नाही, पारखून पाहिले, थांबायला लावले. १९४८ मध्ये त्या बाहेर पडल्या आणि १९५० मध्ये त्यांच्या संघाला मान्यता मिळाली. आणि साधारण याच सुमारास ती जाणीव विझली. १९९७ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत बहुतेक काळ त्यांना आत फक्त अंधार आणि रितेपणा जाणवत होता. २००७ मध्ये त्यांची पत्रे छापली गेली तेव्हा जगाला हे कळले आणि अनेकांना धक्का बसला. काही म्हणाले, म्हणजे त्यांचा विश्वासच नव्हता. मला त्या पत्रांतून वेगळेच दिसते. जवळजवळ पन्नास वर्षे त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसल्या आणि मरणाऱ्यांना उचलायला रस्त्यावर गेल्या. १९४६ च्या त्या अनुभवाने जे पेरले गेले, त्याला जगायला नंतर भावनेची ऊब लागली नाही. त्यांना ती हवी नव्हती असे नव्हे. त्यांनी तिच्यासाठी फार दुःख सोसले. आपल्यापैकी कोणी आज कोरड्या मनाने प्रार्थनेला बसत असेल, तर त्याने या बाईंकडे पाहावे.

सोळाव्या शतकातल्या लोयोलाच्या इग्नेशियस यांनी, म्हणजे येशूसंघाच्या संस्थापकांनी, यासाठी एक साधा नियम घालून दिला: मन कोरडे आणि उदास असताना, मन भरलेले असताना केलेला चांगला निश्चय बदलू नये. त्यांचा दुसरा सल्ला आपण सहसा विसरतो. कोणी आनंदाच्या भरात असेल, तर त्याला घाईने व्रत किंवा वचन देऊ देऊ नये, असे त्यांनी मार्गदर्शकांना बजावले आहे. चिखलातली पेरणी ती हीच. लहान पावले लगेच उचलावीत. नोकरी सोडणे, लग्न ठरवणे, घर विकून दान करणे, असे निर्णय मात्र मन शांत झाल्यावर, वडीलधाऱ्यांशी बोलून घ्यावेत.

अनुभव खरा, तरी डोळे अर्धेच उघडलेले

आता थोडी अवघड गोष्ट. ज्या एडवर्ड्सनी शेजाऱ्याशी प्रामाणिक राहण्याचा करार लिहून घेतला, त्यांच्याच घरात गुलाम होते. १७३१ मध्ये त्यांनी एक मुलगी विकत घेतली होती. त्यांचा देवाचा अनुभव खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण त्या अनुभवाने ती खोली उघडली नाही, कारण त्यांच्याभोवतीच्या बहुतेक लोकांना तिथे काही चूक आहे असे वाटतच नव्हते.

पेत्राचेही असेच झाले. पन्नासाव्या दिवशी तो आत्म्याने भरला होता. तरी परराष्ट्रीय माणसाच्या घरात पाऊल टाकायला त्याला कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या वेळी वेगळा दृष्टान्त लागला. त्यानंतरही अंत्युखियात लोक काय म्हणतील म्हणून तो परराष्ट्रीय बांधवांच्या पंगतीतून उठला आणि पौलाला सर्वांसमोर त्याला बोलावे लागले. म्हणजे पवित्र आत्म्याचा मोठा अनुभव, स्वतंत्र दर्शन, आणि एवढे होऊनही एका भावाची जाहीर कानउघाडणी.

म्हणूनच आपला अनुभव कितीही खोल असो, आपण ज्यांना दुय्यम समजत आलो त्यांचा आवाज ऐकणे हा बदलाचा भाग आहे. ‘माझ्यात काय बदलायला हवे?’ हा प्रश्न पत्नीला, सुनेला, हाताखाली काम करणाऱ्याला विचारून पाहावा. सभेत आपल्या मनाने जी पापे सुचवली नाहीत, ती तिथे समजतात. हे ऐकवत नाही. पण पेत्रालाही ऐकावे लागले.

अनुभव फसवा असू शकतो का?

असू शकतो. म्हणूनच पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो की आत्म्याला विझवू नका, आणि लगेच सांगतो की सर्व गोष्टी पारखून घ्या. मोठा आवाज, गर्दी, झोप नसणे, एकसारखे गाणे यांनी माणसाचे मन आपोआप उचंबळते. देव यातूनही काम करू शकतो, पण एवढ्याने देवाचे काम सिद्ध होत नाही. जिथे अनुभवाच्या नावाखाली पैशांसाठी दबाव येतो, घरच्यांपासून तोडले जाते, प्रश्न विचारले की अविश्वासू ठरवले जाते, तिथून दूर व्हावे. कोणी औषधे बंद करायला सांगत असेल तर ऐकू नये. आणि अनुभवानंतर कोणी कित्येक रात्री झोपत नसेल, वेगाने बोलत असेल, स्वतःला किंवा इतरांना इजा करायला सांगणारे आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर प्रार्थनेबरोबरच त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. यात विश्वासाची कमतरता नाही.

‘मला असा अनुभव कधीच आला नाही’

असे म्हणणारे मंडळीत पुष्कळ असतात आणि बहुतेक गप्प असतात. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या बाबतीत दिमिष्काच्या वाटेसारखे काही सांगितलेले नाही. त्याचा विश्वास आधी आजी लोईस व आई युनीके यांच्यात होता, असे पौल लिहितो. घरात रोज ऐकलेल्या वचनाने तो घडला. पंडिता रमाबाईंचा क्रम आणखी वेगळा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिले की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली. मधल्या वर्षांत त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले होते. ज्यांना अजून काहीच जाणवलेले नाही, त्यांनी वाचन, प्रार्थना, सेवा सोडू नये. ही नांगरट वाया जात नाही.

सभा घेणाऱ्यांसाठी

एवढे सगळे एकट्या विश्वासणाऱ्यावर टाकणे बरोबर नाही. तीन दिवसांच्या सभेसाठी महिनोन्‌महिने तयारी होते. मंडप, वक्ते, संगीत, निधी. चौथ्या दिवसासाठी मात्र काहीच ठरलेले नसते. पाळकांना आणि समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जेवढी माणसे सभेला बोलावता, त्यांच्यासाठी आधीच लहान गट आणि त्यांचे प्रमुख नेमा. समारोपाच्या प्रार्थनेनंतर लगेच पाठवू नका. पंधरा मिनिटे द्या, प्रत्येकाला एक नेमके पाऊल लिहू द्या आणि ते कोणाला सांगणार त्याचे नाव लिहू द्या. कबुलीत एखादा गुन्हा किंवा अत्याचार पुढे आला, तर काय करायचे हे आधी ठरवून ठेवा. पीडितेला फक्त क्षमा करायला सांगून परत पाठवणे चालणार नाही. आणि सभेचा अहवाल लिहिताना किती जण पुढे आले हा आकडा लिहिण्याआधी तीन महिने थांबा, मग किती जण अजून दर आठवड्याला भेटत आहेत ते लिहा.